मार्तंडरावांच्या रेषेचं काय झालं

अठ्ठ्याऐंशी साली नागपुरातल्या एका कलासंस्थेने मार्तंड नंदनवारांच्या व्यंगचित्रांचं प्रदर्शन भरवलं आणि उद्घाटनाला पुण्याहून एक समीक्षक आणले. त्यांनी सव्वा तास भाषण केलं. मार्तंडरावांच्या रेषेचे तीन कालखंड आहेत, हे मला त्या दिवशी प्रथमच कळलं. पहिला 'जटिलतेचा', दुसरा 'ठाम विधानाचा' आणि तिसरा 'मानवतावादी सहजतेचा'. मार्तंडराव पहिल्या रांगेत शाल सावरत बसले होते आणि दुसऱ्याच कुणा मोठ्या माणसाविषयी चाललंय अशा चेहऱ्याने ऐकत होते. मी मागच्या रांगेत दातओठ खात होतो. 'सायंदैनिक लोकघंटा'मध्ये मी एकवीस वर्षं मुद्रितशोधक होतो. माझं टेबल मार्तंडरावांच्या टेबलाला लागून होतं. हे तिन्ही कालखंड माझ्या डोळ्यांदेखत घडले आणि त्यांतला एकही समीक्षकबुवा म्हणतात तसा घडला नाही.

जटिलतेचं आधी सांगतो. मार्तंडराव तांडापेठेतल्या कोष्टी घरातले. वडील हातमागावर नऊवारी लुगडी विणायचे आणि मुलगा लहानपणापासून किनारीचे नक्षे चौकटीच्या कागदावर काढायचा. त्या कागदावर एक घर जरी चुकून रिकामं राहिलं तरी मागावर धागा चुकतो आणि बापाचा हात पाठीवर पडतो. एकसष्ट साली हा चोवीस वर्षांचा माणूस 'लोकघंटा'त आला तो हीच धास्ती घेऊन. चित्रात बोटभर जागा मोकळी दिसली की त्याला घाम फुटायचा. लगेच तिथे आडव्या-उभ्या रेघांची जाळी. शिवाय प्रत्येक वस्तूवर नाव. बैलावर 'महागाई', गाडीवर 'सरकार', चाकावर 'प्रशासन'. एकदा तर रस्त्यातल्या खड्ड्यावर 'खड्डा' असं लिहिलेलं मी पाहिलं. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, "मास्तर, लोकाले वाटन विहीर हाये." मी मास्तर कधीच नव्हतो, दुसऱ्यांच्या चुका काढतो म्हणून ते मला मास्तर म्हणायचे.

ही जटिलता छापून यायची कशी, हे समीक्षकबुवांनी पाहायला हवं होतं. आमचा पेपर दुपारी चारला निघायचा. चित्राचा ब्लॉक आमच्याकडेच व्हायचा. म्हणजे चित्र जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचं, पत्रा तेजाबात बुडवायचा, तेजाब रेषा तेवढ्या सोडून बाकीचा पत्रा खातं, आणि मग तो पत्रा लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकून छपाईला द्यायचा. या खात्याचे प्रमुख, कारागीर आणि एकमेव कर्मचारी म्हणजे नत्थूजी. मार्तंडरावांच्या बारीक जाळीत शाई भरायची आणि सगळं एकजीव काळं व्हायचं. पहिल्याच आठवड्यात एक पुढारी आणि त्याच्या मागचं धरण मिळून एक अस्वल छापून आलं. वाचकांची पत्रं आली की महाराजबागेच्या पिंजऱ्यातल्या अस्वलाचं चित्र छान आहे, पण बातमी कुठे आहे?

नत्थूजी ब्लॉक हातात घेऊनच वर आले. "नंदनवार, तुमी चित्र काढून राहिले का लुगडं विनून राहिले? अशा रेघा माह्या तेजाबात टिकत नाई गा. जाड काढा. अन् कमी काढा."

मार्तंडरावांना फार लागलं. दोन दिवस ते नत्थूजींशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जाड काढलं आणि कमी काढलं. 'ठाम विधानाचा कालखंड' तो हाच. त्याचे जनक नत्थूजी, शिक्षण इयत्ता चौथी. त्यांना त्या दिवशी प्रदर्शनाचं निमंत्रणही नव्हतं.

आता मात्र खरं सांगायला हवं. त्या जाड रेषेने मार्तंडराव जे काढायचे त्याला तोड नव्हती. चौसष्ट साली गणपतराव उमाळे नावाचे एक नगरसेवक होते. अर्ध्या शहराचे नळ कोरडे आणि गणपतराव सभेत शपथेवर सांगत होते की पाणी भरपूर आहे. मार्तंडराव तीन दिवस महापालिकेत जाऊन नुसते बसून राहिले आणि एक गोष्ट त्यांनी हेरली. गणपतराव खोटं बोलायच्या आधी उजवी नाकपुडी चिमटीत धरायचे. तसंच त्यांनी काढलं. भलंमोठं नाक, नाकाला चिमटा, खाली एक कोरडा नळ. नाव नाही, गाव नाही, कशावर काही लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी गणपतराव दोन पहिलवान घेऊन कचेरीत आले. "माह्यं नाक असं हाये का? असं हाये का माह्यं नाक?" म्हणून त्यांनी टेबलावर पेपर आपटला. आम्ही सगळे एकदा पेपराकडे आणि एकदा त्यांच्याकडे पाहू लागलो. आमचे मालक-संपादक वामनराव काही समजुतीचं बोलायला पुढे झाले, तेवढ्यात गणपतराव म्हणाले, "मी जन्मात कदी खोटं बोललो नाई," आणि त्यांचा हात आपसूक नाकाकडे गेला. मागचा पहिलवान फिसकन हसला. त्याला त्याच दिवशी कामावरून काढलं असं ऐकलं.

त्या संध्याकाळी मार्तंडरावांनी आम्हाला घरी जेवायला नेलं. पुष्पलतावहिनींनी सावजी पद्धतीचं मटण केलं होतं. खाताना डोळ्यांतून पाणी आणि वर आणखी वाढ म्हणून ताट पुढे. मार्तंडराव जेवले नाहीत फारसे. म्हणत होते, "मास्तर, ज्याचं काढलं त्याले राग आला पायजे. राग नाई आला तं ते चित्र कायचं? लग्नातला फोटू." या माणसाचा सगळा धर्म एवढाच होता. सकाळी उठून त्यांना एकच धाकधूक असायची, आपल्या चित्राने कुणाला झोंबलं की नाही. पगार, बढती, नाव यांतलं काही त्यांनी कधी तोंडाने मागितलेलं मला आठवत नाही.

असा हा माणूस, आणि त्याची धार बोथट करायला कुणी तलवार घेऊन आलं नाही. संत्र्याची टोपली घेऊन आले.

डिसेंबरात अधिवेशन भरलं की मंत्री, आमदार, त्यांचे सचिव आणि सचिवांचे मेहुणे असा सगळा लवाजमा नागपुरात उतरतो, आणि त्यांना दुपारी चारनंतर वाचायला दुसरं काही नसतं. एकोणसत्तर साली एका मंत्र्याने स्वतःवरचं चित्र पाहून राग गिळला आणि हसून निरोप पाठवला, की मूळ चित्र मिळेल का, बंगल्याच्या दिवाणखान्यात लावायचं आहे. सोबत टोपली. वामनराव हरखून गेले. "मार्तंडराव, आपला पेपर भिंतीवर चालला!" मग ती पद्धतच पडली. ज्याचं चित्र आलं त्याने दुसऱ्या दिवशी फोन करून मूळ चित्र मागायचं आणि वर चारचौघांत सांगायचं, "आम्ही टीकेचं स्वागत करतो." ज्याचं चित्र येत नसे तो माणूस पाठवून विचारायचा, आमचं काही चुकलं का?

पहिल्या वर्षी मार्तंडरावांनी चित्र द्यायचं साफ नाकारलं. पुष्पलतावहिनी म्हणाल्या, "अवो, मानूस चांगलं म्हनून राहिला न तुमाले. द्या न." दुसऱ्या वर्षी दिलं. तिसऱ्या वर्षी मी पाहिलं की ते चित्राच्या कडेने चारही बाजूंनी दोन-दोन बोटं जागा सोडतायत. मी विचारलं हे कशाला, तर जरा ओशाळून म्हणाले, "चौकट बसवाले जागा लागते न गा." चित्र छापायच्या आधीच भिंतीवर टांगलं गेलं होतं. आता भिंतीवर टांगायचं म्हटलं की नाक किती मोठं काढणार? दिवाणखान्यात पाहुणे येतात, सुना-नातवंडं असतात. नाक जरा आत आलं. पोट जरा सपाट झालं. हनुवटीखालची वळी नाहीशी झाली. ही कुठल्याही वैद्याला न जमणारी किमया आमच्या मार्तंडरावांनी पाच-सहा वर्षांत सबंध मंत्रिमंडळावर करून दाखवली.

त्यात पंचाहत्तरला आणीबाणी आली. रोज सकाळी चित्र तपासणी अधिकाऱ्याला दाखवून आणायचं. दोन चित्रं परत आल्यावर वामनरावांनी फर्मावलं, काही घरगुती काढा. मग एकोणीस महिने सासू, मांजर, छत्री आणि हरवलेला चष्मा. आणीबाणी उठली, पण सासू काही उठली नाही. हात त्या गोल, गोड, कुणाला न दुखवणाऱ्या वळणांना इतका सरावला होता की विरोधी पक्षनेता काढायला घेतला तरी तो सासूच्या माहेरचा वाटायचा. समीक्षकबुवांचा 'मानवतावादी सहजतेचा कालखंड' हा असा. त्यावर टाळ्या पडल्या तेव्हा मला उठून ओरडावंसं वाटलं.

आणि आम्ही काय करत होतो? मी चित्राखालच्या ओळीतले ऱ्हस्व-दीर्घ तपासत होतो आणि टोपलीतली संत्री सोलून खात होतो. गोड असायची, खोटं कशाला बोलू?

एक्क्याऐंशीच्या अधिवेशनात मात्र गंमत झाली. गणपतराव उमाळे एव्हाना राज्यमंत्री होऊन नागभवनातल्या सरकारी बंगल्यात उतरले होते. मार्तंडरावांनी त्यांच्यावर एक चित्र काढलं, खुर्चीवर बसून फायलींवर सह्या करताहेत असं. नत्थूजींनी ब्लॉक केला. त्यांच्या खोलीत जुने ब्लॉक फडताळात रचलेले असायचे, प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी. त्या सकाळी फडताळ झाडताना एक जुना ब्लॉक त्यांनी नव्याच्या शेजारी काढून ठेवला होता. नत्थूजींच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. त्यांनी जुनाच उचलला आणि पानात बसवला. तो होता अठ्ठ्याहत्तर सालच्या एका वेगळ्याच मंत्र्याचा, दुसऱ्या पक्षाच्या. तोही खुर्चीवर बसलेला. खाली ओळ मात्र गणपतरावांची, आणि ती मी तपासलेली.

चार वाजता पेपर हातात आला आणि मार्तंडराव पांढरेफटक पडले. नत्थूजी वर येऊन रडायलाच लागले. "माह्या हातानं तुमचं नाव बुडालं गा. मालक मले आजच काढते." वामनराव तेव्हा जागेवर नव्हते. आम्ही तिघं फोनकडे पाहत बसलो. पाच वाजले, सहा वाजले. एकाही वाचकाचा फोन नाही. साडेसहाला वाजला. गणपतरावांचे सचिव होते. साहेबांना चित्र अतिशय आवडलं, अगदी हुबेहूब आहे, मूळ प्रत उद्या पाठवाल का?

मी पोट धरून हसलो. नत्थूजींनी तर हात जोडून वर पाहिलं. मार्तंडरावांनी मात्र कपाटातून गेल्या चार वर्षांतले अंक काढले, प्रत्येक चित्रातली टोपी, चष्मा आणि मिशी पांढऱ्या कागदाने झाकली आणि ते अंक टेबलावर ओळीने मांडले. मग मला म्हणाले, "वळखा, मास्तर." मला एकही ओळखता आला नाही. मुख्यमंत्री, महापौर, कुलगुरू, साखर कारखान्याचा अध्यक्ष, सगळीकडे तोच एक चेहरा, सुस्वभावी, थोडा दमलेला. ते अंक त्यांनी घरी नेले आणि वहिनींना दाखवले. वहिनींनी नीट निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "हा तं कोनीच नाई वो." हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. मला त्यांची दया आली आणि आदल्या दिवशी हसलो त्याची लाज वाटली.

मूळ प्रत त्यांनी पाठवली नाही. त्याऐवजी वही घेऊन विधानसभेच्या पत्रकार कक्षात जाऊन बसले. बारा वर्षं त्यांनी पुढाऱ्यांचे चेहरे मुंबईहून येणाऱ्या छायाचित्रांवरून काढले होते. आता चार दिवस गणपतरावांकडे टक लावून बसले. मी विचारलं, नाक सापडलं का? मान हलवून म्हणाले, "आता नाकाले हात नाई लावत थो. तवा खोटं बोलाची लाज होती म्हनून हात जाये. आता लाजच नाई राहिली."

पाचव्या दिवशी सभागृहात प्रश्न आला. मे महिन्यात धामणखेडा गावात आटलेल्या विहिरीत उतरून वाटीवाटीने पाणी भरताना एक बाई दरड अंगावर पडून मेली होती. सरकार तिथे नवी विहीर खोदणार होतं, त्याचं काय झालं? गणपतराव उठले आणि शांतपणे म्हणाले, "अशी घटना शासनाच्या निदर्शनास आलेली नाही." मार्तंडरावांनी ते काढलं. फक्त चेहरा. गुळगुळीत, तृप्त, जेवण अंगावर आलेल्या माणसाचे अर्धवट मिटलेले डोळे, पण त्या फटीतून बाजूला पाहणारे, कोण बाक वाजवतंय ते टिपणारे. नाक त्यांच्या खऱ्या नाकाएवढंच. कुठे जाळी नाही, लठ्ठ रेघ नाही आणि कडेला चौकटीसाठी जागाही नाही. खाली गणपतरावांचं वाक्य, जसंच्या तसं. त्या चेहऱ्यात काहीही वाढवलेलं नव्हतं आणि तरी तो माणूस उघडा पडला होता.

वामनराव हे छापणार नाहीत हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. पण वामनराव बारा वाजता धंतोलीला घरी जेवायला जायचे आणि तीनपर्यंत वामकुक्षी. त्यांनी पाहून पसंत केलेलं चित्र वेगळंच होतं, मांजराचं. साडेबाराला नत्थूजींनी मांजर बाजूला ठेवलं. "मांगच्या खेपेले मी चुकून केलं," ते म्हणाले, "आता समजून करतो." खालची ओळ मी तपासली. बरोबर होती.

पाच वाजता सीताबर्डीवर अंक मिळेनासा झाला. गणपतरावांची माणसं स्टॉलवरून गठ्ठेच्या गठ्ठे उचलत होती. सहा वाजता फोन आला, सचिवांचा नाही, खुद्द साहेबांचा. वामनराव कानाला लावून उभे होते आणि पलीकडचं ओरडणं आम्हाला चार टेबलं ओलांडून ऐकू येत होतं. मार्तंडराव माझ्या कानाशी लागून म्हणाले, "रागावला, मास्तर! मस्त रागावला!" चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, पण डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. नोकरी गेली हे त्यांना दहा मिनिटांत कळलं. त्यांनी पेन आणि शाईची बाटली पिशवीत टाकली आणि नत्थूजींचं नाव कुठेही येऊ नये एवढं बजावून ताठ मानेने जिना उतरले. 'ब्लॉक मीच बदलायला लावला' असं त्यांनी निघण्याआधी वामनरावांना सांगून टाकलं होतं.

मला वाटलं, गोष्ट इथे संपली. इथे संपली असती तर फार बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वामनरावांनी स्वतःच्या अक्षरात चार ओळी लिहून माझ्याकडे पाठवल्या. पहिल्या पानावर, चौकटीत. 'कालच्या अंकातील व्यंगचित्रात दाखवलेला चेहरा कोणत्याही व्यक्तीचा नाही. तो पूर्णतः काल्पनिक असून कोणाशी साम्य आढळल्यास तो चित्रकाराच्या हाताचा दोष समजावा.' जुळणी होऊन ते माझ्यासमोर आलं. 'पूर्णतः'चा विसर्ग सुटला होता, तो मी घातला. खाली सही केली. माझीही पोरं शाळेत होती.

संध्याकाळी मार्तंडराव माझ्या घरी आले. हातात तो अंक. नोकरीबद्दल एक अक्षर नाही, वामनरावांबद्दल नाही. चौकटीतल्या 'कोणत्याही व्यक्तीचा नाही' या शब्दांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे प्रूफ तुमीच वाचलं न, मास्तर?"

मी हो म्हणालो.

"मंग येवढी मोठी चूक काहून राहू देल्ली?"

बायकोने चहा आणून ठेवला. तो त्यांनी घेतला नाही.